फ्लशचं पाणी थांबतच नाही? मुंबईतल्या घरांसाठी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कमोडमध्ये मागच्या बाजूने बारीक धार चालूच आहे, टाकी भरल्याचा आवाज थांबत नाही, नाहीतर रात्री कोणी गेलेलं नसताना टाकी आपोआप भरायला लागते. हे मुंबईत घरोघरी चालतं आणि बहुतेक जण महिनोन् महिने तसंच चालू देतात, कारण पाणी बाहेर सांडत नाही, भांड्यातूनच निघून जातं. पण दहापैकी आठ वेळा यात एक रबराचा तुकडा नाहीतर बॉल कॉक एवढंच बघायचं असतं. प्लंबरला फोन करायच्या आधी हे वाचा, निदान तो काय बोलतोय ते तरी कळेल.

टाकीच्या आत नक्की असतं काय?

झाकण उघडलंत की दोनच मुख्य गोष्टी दिसतील. एका बाजूला पाणी आत घेणारा बॉल कॉक, म्हणजे फ्लोट (पाण्यावर तरंगणारा गोळा किंवा डबी) वर आला की पाणी बंद करणारा नळ. मध्ये पाणी खाली सोडणारा फ्लश व्हॉल्व्ह, त्याच्या बुडाला रबराचा सील. आणि त्या मधल्या भागातच उभी एक पोकळ नळी असते ती ओव्हरफ्लोची, पाणी जास्त झालं तर टाकीतून बाहेर न सांडता त्या नळीतून कमोडमध्ये जावं म्हणून. म्हणजे बिघाड दोनच, एकतर येणारं पाणी थांबत नाहीये नाहीतर आतलं पाणी खालून निसटतंय. पहिलं काम हेच शोधायचं की यातलं कोणतं.

झाकण सिरॅमिकचं असेल तर दोन्ही हातांनी सरळ उचला आणि जमिनीवर टॉवेलची घडी घालून आडवं ठेवा. बेसिनच्या कडेवर, वॉशिंग मशीनवर नको. फुटलं तर तेवढंच झाकण मिळत नाही, कंपनीने मॉडेल बंद केलं असलं तर अजिबातच नाही.

बॉल कॉक खराब की सील, कसं ओळखायचं?

टाकी भरू द्या आणि आत बघा. पाणी ओव्हरफ्लो नळीच्या तोंडावरून आत जाताना दिसतंय? मग बॉल कॉक पाणी बंद करत नाहीये. पाण्याची पातळी नळीच्या तोंडापेक्षा इंचभर तरी खाली पाहिजे.

पातळी खाली आहे आणि तरी कमोडमध्ये धार आहे, मग सील. खात्री करायची तर कपड्यांना घालतो ती लिक्विड नीळ चार-पाच थेंब टाकीत टाका, अर्धा तास फ्लश करू नका, घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा नाहीतर कोणीतरी जातंच. अर्ध्या तासाने कमोडमधलं पाणी निळसर झालं असेल तर सील गळतोय. हळद नका टाकू, रबर आणि प्लास्टिकला डाग पडतो तो जात नाही.

ज्यांच्या टाकीत आधीच कमोड साफ ठेवणारी ती निळी गोळी आहे त्यांना ही टेस्ट उपयोगाची नाही. त्यांनी कमोडच्या आतली मागची बाजू पुसून कोरडी करायची आणि टिश्यू पेपर लावून ठेवायचा, कुठून ओला होतो बघायचं.

एवढीशी धार, त्याने असा काय फरक पडतो?

पडतो, आणि हे मोजता येतं. टाकी भरली की खालची अँगल कॉकची चावी (कमोडमागे भिंतीला असलेला छोटा नळ) बंद करा, आत पाण्याच्या रेषेवर पेन्सिलने खूण करा, पाच मिनिटांनी बघा. साधारण घरगुती टाकीत एक सेंटीमीटर पाणी म्हणजे अर्धा लिटरच्या आसपास धरा. पाच मिनिटांत एक सेंटीमीटर उतरलं तर तासाला ६ लिटर, दिवसाला १४४ लिटर. शहरातल्या माणसाला रोज १३५ लिटर पाणी असं सरकारी नियोजनाचं माप आहे, म्हणजे तुमच्या घरात न दिसणारा एक माणूस जास्तीचा राहतोय आणि तो दिवसभर फक्त पाणी ओततोय. महिन्याचे ४,३२० लिटर झाले. बिल्डिंगमध्ये असे दोन-तीन फ्लॅट असले की दहा हजार लिटरचा टँकर गटारात गेला, आणि उन्हाळ्यात तोच टँकर मागवायला सोसायटी पैसे गोळा करते.

आणि हे पाणी येतं कुठून तेही बघा. विहार आणि तुळशी सोडले तर तानसा, भातसा, मोडकसागर, मध्य वैतरणा, अप्पर वैतरणा हे सगळे तलाव ठाणे, पालघर, नाशिकच्या पट्ट्यात, तिथून शंभरेक किलोमीटरवरून पाइपाने पाणी आपल्याकडे येतं. शहापूर तालुक्यात धरणं आहेत आणि त्याच तालुक्यातल्या पाड्यांना उन्हाळ्यात टँकरची वाट बघावी लागते. जून २०२४ मध्ये तलावांनी तळ गाठला म्हणून पालिकेला मुंबईत १० टक्के कपात करावी लागली होती. तिथल्या बाया डोक्यावर हंडा घेऊन चालतायत आणि आपल्याकडे शुद्ध केलेलं, प्यायच्या दर्जाचं पाणी रात्रभर कमोडमधून वाहतंय, हे मला बघवत नाही, म्हणून इतकं लांबलचक लिहितोय.

बिल तर सोसायटीला येतं, मला काय?

बहुतेक सोसायट्यांना एकच मीटर असतो. आदर्श उपविधींप्रमाणे (सोसायट्यांसाठी सरकारने घालून दिलेली नमुना नियमावली) पाण्याचा खर्च फ्लॅटमधल्या नळांच्या संख्येवर आणि साइजवर वाटला जातो, कोणी किती वापरलं यावर नाही. म्हणजे चौथ्या मजल्यावरच्या गळक्या टाकीचे पैसे तिसऱ्या मजल्यावरच्या एकट्या राहणाऱ्या आजीसुद्धा भरतात. वर पंपाची वीज वेगळी. पालिकेचं पाणी काही तासच येतं, ते खालच्या टाकीत साठवून पंपाने गच्चीवर चढवायचं आणि तिथून तुमच्या फ्लशमधून खाली सोडायचं. दुपारी दोन वाजता गच्चीची टाकी रिकामी झाली अशी तक्रार ज्या बिल्डिंगमध्ये वारंवार येते तिथे वॉचमनवर ओरडण्याआधी प्रत्येक घराच्या फ्लशची नीळ-टेस्ट करून घ्यावी, माझं स्पष्ट मत आहे.

कामाला हात लावायच्या आधी पाणी कुठून बंद करायचं?

कमोडच्या मागे भिंतीला जो छोटा नळ आहे तो अँगल कॉक. उजवीकडे फिरवला की बंद. मुंबईत अडचण ही की तो वर्षानुवर्षं कोणी फिरवलेला नसतो, आत खारं साचून जाम झालेला असतो. जाम असेल तर पान्याने जोर लावू नका, जुनी पितळ भिंतीच्या आतच मोडते आणि मग लादी फोडायचं काम निघतं. त्यापेक्षा बाथरूममधला मेन स्टॉप कॉक बंद करा, तो पण चालत नसेल तर गच्चीवर तुमच्या लाइनचा व्हॉल्व्ह असतो तो वॉचमनला सांगून बंद करायला लावा. बऱ्याच बिल्डिंगमध्ये एका लाइनवर वरपासून खालपर्यंतचे सगळे संडास असतात, त्यामुळे शेजाऱ्यांना आधी सांगा, सकाळी सात ते नऊ तर हे काम काढूच नका.

बॉल कॉक पाणी बंद करत नाहीये, काय करू?

आधी फ्लोट हाताने हळूच वर उचला. पाणी थांबलं? मग नळ ठीक आहे, फक्त लेव्हल जास्त लावलेली आहे. जुन्या पद्धतीचा दांडीला गोळा असलेला असेल तर पितळेची दांडी थोडी खाली वाकवायची, प्लास्टिकच्या दांडीला स्क्रू असतो तो फिरवायचा. नवीन उभ्या प्रकारात बाजूला एक लांब स्क्रू नाहीतर सरकणारी क्लिप असते, तिने फ्लोट खाली घ्यायचा. थोडं थोडं करा, प्रत्येक वेळी फ्लश करून टाकी पूर्ण भरेपर्यंत थांबा. अजून एक, गोळा हलवून बघा, आत पाणी खळखळत असेल तर तो भोक पडून बुडायला लागलाय, गोळाच बदला. आणि फ्लोट टाकीच्या भिंतीला किंवा दुसऱ्या पार्टला घासून अडकत नाहीये ना तेही बघा, हे फार कॉमन आहे.

फ्लोट उचलूनही पाणी येतच राहिलं तर आत कचरा आहे किंवा वॉशर गेलाय. मुंबईत हे पावसाळ्यात आणि गच्चीची टाकी धुतल्यावर लगेच होतं, तळाचा गाळ ढवळून लाइनमध्ये येतो आणि बारीक रेती वॉशरखाली बसते. उभ्या प्रकारात अँगल कॉक बंद करायचा, नळाच्या डोक्यावरची टोपी हाताने दाबून थोडी डावीकडे फिरवली की निघते. आत रुपयाएवढी रबराची चकती असते. ती काढून धुवायची, कडेला चिरा पडल्यात का नखाने चाचपायचं. मग महत्त्वाचं, जे बरेच प्लंबर पण करत नाहीत: टोपी काढलेली असतानाच त्या तोंडावर स्टीलचा पेला उपडा धरा आणि अँगल कॉक एक-दोन सेकंद थोडासा उघडा. पाणी जोरात पेल्यावर आपटून टाकीतच पडेल आणि त्याच्याबरोबर लाइनमधली रेती बाहेर येईल. चॉकलेटी रंगाचं पाणी आलं तर अजून एकदा करा. मग चकती बसवा, टोपी लावा. बहुतेक वेळा इथेच विषय संपतो.

चकती फाटली असेल तर तेवढी मिळाली तर बघा, नाहीतर पूर्ण बॉल कॉक बदला. साधा प्लास्टिकचा काही शे रुपयांत मिळतो आणि तो सगळ्या टाक्यांना चालेल असा असतो, फक्त पाणी खालून येतंय की बाजूने हे दुकानदाराला सांगा. बाहेरचा नट हाताने आवळून वर पान्याने अर्धा-पाऊण फेरा पुरे, जास्त पिळलंत की प्लास्टिकचे आटे जातात. रबर वॉशर टाकीच्या आतल्या बाजूने बसतो, टेफ्लॉनची पांढरी टेप फक्त आट्यांच्या जोडाला लागते, वॉशरवर गुंडाळायची नसते.

सील गळत असेल तर?

दोन बटणांची टाकी असेल तर हे अवघड दिसतं पण नाहीये. अँगल कॉक बंद, फ्लश करून टाकी रिकामी. मधला उभा टॉवर दोन्ही हातांनी धरून डावीकडे पाव फेरा फिरवा, सुटतो आणि वर येतो. काही कंपन्यांच्या टॉवरला बाजूला चिमटे असतात ते आत दाबायचे. उलटा केलात की खाली रबराची रिंग दिसेल. तिला बोट लावा, बुळबुळीत शेवाळी थर असतो, कधी पांढरे खडे. साध्या पाण्याने आणि मऊ फडक्याने पुसा. तेवढंच नाही, टाकीत खाली ज्या गोल काठावर ती रिंग बसते तो काठही पुसा आणि बोट पूर्ण गोल फिरवा, कुठे खडबडीत लागतंय का. सगळे फक्त रबर बदलतात आणि काठ तसाच घाण ठेवतात, मग आठ दिवसांत परत धार.

रिंग कडक झाली असेल, तिच्यावर खोलगट रेघ पडली असेल तर बदला. जुनी रिंग खिशात घालून दुकानात न्या, फोटो नाही, खरी रिंग. एकाच कंपनीत दोन साइज असतात आणि डोळ्यांना फरक कळत नाही. दुकान बंद असेल तर तीच रिंग उलटी करून लावा, दुसरी बाजू सपाट असते, काही दिवस निघतात. काठालाच चीर असेल तर मात्र पूर्ण फ्लश व्हॉल्व्ह बदलावा लागतो आणि त्यासाठी टाकी कमोडवरून उतरवावी लागते, ते प्लंबरला करू द्या.

साखळी आणि झडपवाला प्रकार असेल तर साखळी बघा. फार ताणलेली असली तर झडप पूर्ण बसत नाही, फार ढिली असली तर झडपेखालीच अडकते. एक-दोन कड्या सैल ठेवा.

रात्री टाकी आपोआप भरल्याचा आवाज येतो, कोणी गेलेलं नसतं.

सीलच. पाणी हळूहळू उतरतं, फ्लोट खाली येतो, नळ दोन मिनिटं चालू होतो, परत बंद. दिवसाही होतं, रात्री शांत असतं म्हणून ऐकू येतं.

रात्रीच सतत बारीक सुईसुई आवाज येत असेल तर मात्र वेगळं, तेव्हा कोणी पाणी वापरत नाही म्हणून लाइनमध्ये प्रेशर वाढतं आणि अर्धवट झिजलेला बॉल कॉक ते अडवू शकत नाही. उंच टॉवरच्या खालच्या मजल्यांवर हे जास्त. अँगल कॉक अर्धा बंद करून बघा, टाकी भरायला थोडा वेळ लागेल पण आवाज कमी होऊ शकतो. मजल्यावरच्या सगळ्यांनाच असं होत असेल तर सोसायटीने प्रेशर कमी करणारा व्हॉल्व्ह तपासून घ्यावा.

भिंतीतली टाकी आहे, प्लंबर म्हणतो लादी फोडायला लागेल.

आधी थांबा. कन्सिल्ड टाकीचे आतले पार्ट बटणाच्या प्लेटमागच्या खिडकीतून काढता येतील असेच बनवलेले असतात, पाणी बंद करायची छोटी चावीसुद्धा बहुतेक तिथेच आत असते. प्लेट वर सरकवून नाहीतर पुढे ओढून निघते. सील, फ्लोट, नळ सगळं तिथून बाहेर येतं. लादी फोडायची वेळ टाकीलाच तडा गेला किंवा मागचा पाइप फुटला तरच. अशा टाकीसाठी कंपनीच्या कस्टमर केअरला फोन करून त्यांचाच माणूस बोलवणं मला बरं वाटतं, पार्ट त्याच्याकडे असतो.

आमच्याकडे टाकी नाहीच, भिंतीवर स्टीलचा फ्लश आहे, दाबला की चालूच राहतो.

जुन्या बिल्डिंगमध्ये हा असतो. आत स्प्रिंग आणि वॉशर असतो, कचऱ्याने अडकतो. याची धार जाड असते, त्यामुळे उद्या बघू म्हणायचं नाही, लगेच बाजूचा स्क्रू किंवा मेन कॉक बंद करून प्लंबर बोलवा. तोपर्यंत बादली.

खालच्या मजल्यावरच्यांच्या छतातून पाणी गळतंय, याच्यामुळेच का?

नुसती कमोडच्या आत धार असेल तर ते पाणी ड्रेनेजच्या पाइपात जातं, छतात उतरायचं कारण नाही. पण टाकी आणि कमोडच्या मधला जोड, अँगल कॉकचा मागचा जोड किंवा कनेक्शन पाइप झिरपत असेल तर होय, अगदी त्यानेच. कोरडा टिश्यू पेपर प्रत्येक जोडाला लावून बघा. या लीकेजवरून मुंबईत शेजाऱ्यांचं एकमेकांशी बोलणं बंद होतं, तेव्हा खालच्यांना वर बोलवून एकत्र टेस्ट करा, भांडण तिथेच मिटतं.

टाकीत ती निळी गोळी टाकावी का? खारं पाणी साचलंय त्याला अ‍ॅसिड चालेल?

दोन्ही नको. क्लोरीनवाल्या गोळ्यांनी रबर कडक होतं आणि सील वेळेआधी जातो. अ‍ॅसिड टाकीत कधीच नाही, बोल्ट गंजतात, रबर खराब होतं. पालिकेच्या पाण्याने खार फारसा धरत नाही, तो बोअरवेलच्या नाहीतर टँकरच्या पाण्याने धरतो, आणि बऱ्याच नवीन बिल्डिंगमध्ये फ्लशला बोअरचंच पाणी असतं. पार्ट बाहेर काढून पांढऱ्या व्हिनेगरमध्ये तासभर बुडवून ठेवा आणि जुन्या टूथब्रशने घासा. आणि हो, ब्लीच आणि अ‍ॅसिडवाला क्लिनर एकत्र कधीही नाही, विषारी वायू होतो, बंद संडासात तर फारच धोका.

प्लंबर रविवारपर्यंत येणार नाही, तोवर काय?

अँगल कॉक बंद ठेवा आणि टाकी भरायची असेल तेव्हाच दोन-तीन मिनिटं उघडा. नाहीतर अर्धी बादली पाणी कमोडमध्ये एका दमात ओतायचं, हळू ओतलंत तर काही होत नाही. घरात म्हातारी माणसं असतील तर बादली भरून मग्याजवळ ठेवा, त्यांना खाली वाकून चावी फिरवायला लावू नका. गणपतीला किंवा मे महिन्यात गावी जाताना तर सगळ्यांनीच अँगल कॉक बंद करून जावं, गळत असो नसो.

प्लंबर आला की काय बोलायचं?

"फ्लश खराब आहे" एवढंच सांगितलंत तर तो पूर्ण सेट बदलायला काढेल, त्याचाही वेळ वाचतो. त्यापेक्षा "नीळ टाकून बघितली, सील गळतोय" किंवा "ओव्हरफ्लोतून जातंय, बॉल कॉक बघा" असं सांगा. व्हिजिटचे किती आणि पार्टचे किती हे आधी ठरवा. पार्ट तुम्ही आणणार असाल तर टाकीच्या आतल्या बाजूला किंवा झाकणाखाली कंपनीचं नाव असतं ते बघून जा. जवळच्या हार्डवेअरवाल्याकडे नाही मिळालं तर दक्षिण मुंबईतल्या लोहार चाळ, नागदेवीच्या बाजारात जुन्या मॉडेलचेही पार्ट निघतात. जुना काढलेला पार्ट मागून घ्या. आणि तो निघायच्या आधी त्याच्यासमोर टाकी पूर्ण भरू द्या, झाकण उघडंच ठेवून पाणी ओव्हरफ्लोच्या इंचभर खाली थांबतंय का बघा, मग परत निळीचे थेंब टाका आणि पैसे देईपर्यंत त्याला चहा पाजा, तेवढ्यात भांड्यातलं पाणी पांढरंच राहिलं की निळं झालं ते दोघांनाही दिसेल.